करंटवाला मासा

डोमाजींचा डावा हात लकव्यानं गेला. औषधं थकली, तेव्हा संघपालनं मोबाइलवर कुठंसं पाहून बापासाठी अकोल्याहून करंट मारणारा मासा आणला. सुंदराबाई रोज सकाळी नवऱ्याचा तो हात उचलून काचेच्या टाकीत सोडायची.

"लागला का जी करंट?"

डोमाजी मानेनंच नाही म्हणायचे. तिचं तोंड उतरायचं.

"लागन. हिंमत नोका सोडू."

आज हात पाण्यात सोडला आणि अंगणात नळ आले. सुंदराबाई पाण्याचा गुंड घेऊन पळाली. गुंड अर्धाही भरला नव्हता, तोच घरातून डोमाजींची किंकाळी आली. ती तशीच आत धावली.

"लागला वं! लागला मले!"

तिला रडूच फुटलं. तिनं डावा हात टाकीतून काढला, पदरानं पुसला, छातीशी धरला. मग दुसरा हात हाती घेतला. तोही कोपरापर्यंत ओला होता आणि अजून थरथरत होता.

डोमाजींनी मान खाली घातली.

सुंदराबाईनं तोही हात पुसला, अगदी कोरडा होईपर्यंत. मग पोराला फोन लावला.

"संघपाल, लागला रे तुह्या बाबाले करंट!"