ताईताचा दोरा

"चवळीखाऊ, पोराला पुन्हा कशाला टोचतोस?" सितान कडाडली. कुलिबाली आडनावाच्या माणसाला असं चिडवायचा अख्ख्या माली देशाला हक्क. चिडवलेल्यानेही उलट टोमणा मारायचा असतो. पण लस टोचणाऱ्या ड्रामान कुलिबालीने आज टोमणा टाळला, कारण सितान थट्टा करत नव्हती. "तान्हेपणी एकदा टोचलंस ना याला? थोरल्यालाही तूच टोचलं होतंस. तरी पिवळ्या तापाने नेलंच त्याला." ड्रामानने धाकट्याच्या दंडावरचा ताईत चाचपला. "दोरा नवा दिसतो गं." "दंड भरला त्याचा. जुना पुरेना." "लसही तशीच, सितान. तान्हेपणीची काहींना पुढे पुरत नाही. थोरल्याच्या वेळी हे आम्हालाही ठाऊक नव्हतं." सितानने स्वतःच ताईताची गाठ सोडली आणि पोराचं तोंड छातीशी धरलं. सुई टोचताच पोर कळवळलं. त्याला थोपटणाऱ्या तिच्या मनगटावर थोरल्याचा दोरा होता. तो कधी अपुरा पडलाच नव्हता.