दोन घरचा दगड

"लगीन करीन तर त्याच्याशीच," इंद्रायणी म्हणाली आणि बापासमोरून उठून गेली.

रंगराव बसूनच राहिले. रहाटणीत त्यांचा शब्द खाली पडत नसे, पण स्वतःच्या पोरीपुढे त्यांचं काही चाललं नाही. त्यांना राग आला नव्हता. त्यांना भीती वाटली होती.

मुलात काही खोट नव्हती. ज्योतीराम पिंपरीच्या नव्या औषधांच्या कंपनीत कामाला होता; इंद्रायणीही तिथेच बाटल्यांना लेबलं लावायची. अडचण एवढीच, की तो पिंपळे गुरवच्या दौलतरावांचा मुलगा होता. त्या घराशी रंगरावांच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक केली नव्हती. सोयरीक राहू द्या, घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

लोक म्हणायचे, जुनं बांधाचं भांडण असेल. खरं कारण दोन्ही घरच्या कर्त्या माणसांनाच ठाऊक होतं. रंगरावांच्या देवघरातल्या कोनाड्यात, तांबड्या फडक्यात गुंडाळलेला एक काळा दगड होता, नारळाच्या वाटीएवढा. तो अर्धाच होता. दुसरा अर्धा दौलतरावांकडे.

फार पूर्वी कुणा मांत्रिकाने सूर्याची आग त्या दगडात बांधली होती. पहिली काही वर्षं गावाने सुख भोगलं. थंडीत घरं उबदार राहायची, सरपणाशिवाय अन्न शिजायचं, आणि मांत्रिकाला लोक देव मानायचे. मग एका सकाळी पापणी लवते न लवते तोच सगळी वस्ती जळाली. लांब होते ते वाचले. पण त्यांचे केस गळाले, आणि थोड्याच दिवसांत तेही गेले. परगावी असलेला मांत्रिक धावत आला, त्याने दगड दुभंगला, आसपासच्या गावांतल्या दोन घरांना एकेक अर्धा दिला आणि शपथ घातली. एकमेकांकडे जाऊ नका, सोयरीक करू नका, आणि या दगडाबद्दल एकमेकांशी अवाक्षर काढू नका. अर्धा एकटा असला की गार असतो. दोन अर्धे जवळ आले, की पुन्हा तेच.

तरुणपणी रंगराव याला भाकडकथा म्हणत. मग एकदा चांदभाईंच्या सायकलच्या दुकानात बसले असताना चांदभाईंनी जपानातल्या बाँबची हकिगत पेपरातून वाचून दाखवली. वाचलेल्या लोकांचे केस गळाले, एवढं ऐकून रंगराव उठले आणि चहा तसाच टाकून घरी आले. त्या दिवसापासून त्यांनी कोनाड्याजवळ कुणाला फिरकू दिलं नाही.

आणि आता ही सोयरीक. इंद्रायणी एकुलती एक. आपल्या माघारी घरातलं सगळं तिच्यासोबत दौलतरावांच्या घरी जाणार. म्हणजे दगडही जाणार. दोन अर्धे एका छपराखाली, आणि त्याच छपराखाली आपली लेक.

पोरीने पुन्हा हट्ट केला नाही, रडली नाही. कामावर जायची, यायची, ताटातली अर्धी भाकर तशीच ठेवून उठायची. तिच्या गालांची हाडं दिसू लागली तेव्हा गोजाबाईंनी नवऱ्याला गाठलं.

"पोरीचा काय गुन्हा हाय?"

"गुन्हा न्हाई गं. पन त्यो दगड..."

"मग दगडाला घालवा की. पोरीला कशापायी जाळताय?"

एवढी साधी गोष्ट इतक्या पिढ्यांत कुणाला सुचली नव्हती. ज्या देवाची पूजा आपल्याकडून होणार नाही, त्याला खोल पाण्यात पोचवतात. त्यात पाप नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं पवनेच्या डोहावर गेली. डोहाचा तळ कढईसारखा होता. वर काहीही टाका, ते घरंगळत मधोमध जाऊन बसायचं, आणि तिथून कुणी काही वर काढल्याचं ऐकिवात नव्हतं. रंगरावांनी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि फडक्यासकट दगड सोडून दिला. घरी परतताना त्यांना कित्येक वर्षांनी हलकं वाटलं.

चांदभाईंचं दोन्ही घरी येणं-जाणं होतं. रंगरावांनी त्यांनाच गळ घातली. "दौलतरावांस्नी म्हनावं, माझी आडकाठी न्हाई."

चांदभाई संध्याकाळीच सायकलवरून परत आले. "ते तर वाटच बघत होते, रंगराव. म्हणाले, पोरीच्या बापाला सांगा, निर्धास्त राहा."

माघात लग्न निघालं. हळदीच्या न्हाणासाठी बायकांनी पवनेवरून घागरी भरून आणल्या. एवढ्या थंडीत पाणी हाताला कोमट लागत होतं. नदीच पोरीवर प्रसन्न आहे, म्हणून बायका हसल्या, आणि गोजाबाईंनी नदीच्या दिशेने पदर पसरून नमस्कार केला. इंद्रायणी त्या दिवशी पोटभर जेवली.

अक्षता पडल्या. जेवणावळी उठल्यावर दौलतराव रंगरावांना मांडवाच्या एका कडेला घेऊन गेले. दोन घरचे कर्ते पुरुष इतके जवळ कधीच उभे राहिले नव्हते. दौलतरावांनी आजूबाजूला पाहिलं.

"व्याही, आज शपथ मोडतो. बोलल्याबिगर राहवत न्हाई."

"बोला."

"तुमची लेक ज्या घरात नांदायची, त्या घरात त्ये नको. पोरानं तिचं नाव काढलं, त्याच आठवड्यात आमच्याकडचा अर्धा मी कायमचा घालवला. तुमी बिनघोर ऱ्हावा."

रंगरावांना भरून आलं. ज्यांना जन्मभर वैरी म्हटलं, त्यांच्याही पोटात आपल्या पोरीसाठी तीच माया निघाली. त्यांनी व्याह्यांचे दोन्ही हात धरले. डोळे पुसत, काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "घालवला म्हंजे कुठं?"

दौलतराव समाधानाने हसले.

"आनि कुठं? आपलं समद्यांचं जुनं देव जात्यात तिथंच की. डोहाच्या मधोमध."