वळणावरची खूण

दुसरीच्या वर्गाला मी घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला दिला. एका मुलीने गिरणीनंतरच्या वळणावर खुर्चीत बसलेला माणूस काढला. मी खोडरबर उचलला. "नकाशात माणसं काढत नाहीत गं, ती हलतात. जागच्या जागी राहतं तेवढंच काढायचं." "पण बाई, हे आजोबा हलतच नाहीत! येताना असतात, जाताना पण असतात. आई म्हणते, आजोबांपाशी वळलीस की घर आलंच." "कुठले आजोबा?" "निळ्या फाटकाचे." निळं फाटक आमचं. गुडघे गेल्यापासून माझ्या वडिलांना रोज सकाळी मीच तिथे बसवून शाळेत येते. घरी परतल्यावर विचारलं की म्हणतात, "मजेत गेला दिवस. किती माणसं येतात-जातात!" मी खोडरबर खाली ठेवला. "त्या आजोबांशी कोण बोलतं?" मी विचारलं. तिने खुर्चीसाठी तपकिरी खडू शोधला. "कुणीच नाही, बाई. आम्ही तिथे फक्त वळतो."