न जुळणारं घर

"परत तेच घर?" साहेबांनी फॉर्म तिच्याकडे सरकवला. "म्हातारा खेळवतोय तुला. एकटा जीव, बोलायला कुणी हवं म्हणून दर वेळी वेगळंच सांगतो. आज मिटवून टाक बाई. देशाचे आकडे महिनाअखेरीस जगापुढे जायचेत, आणि आपलं घोडं एका शिंप्यापाशी अडलंय."

काम तसं साधं होतं. पाणी, वीज, शाळा, पोटभर जेवण. गरीब देश ठरवल्याप्रमाणे पुढे सरकतायत का, ते घराघरांत जाऊन मोजायचं. प्रत्येक घराला दोनदा विचारायचं. उत्तरं जुळली की घर बंद, मग पाच वर्षं तिकडे फिरकायचं नाही. नाही जुळली, तर पुन्हा खेप. घरी पेन्सिलीनं लिहायचं, कचेरीत त्यावर शाई फिरवायची.

शिंपी दारातच उभा होता. आत चहाचं आधण ठेवलेलं.

"या. आज चुकायचो नाही." त्यानं चष्मा लावून एक कागद उलगडला. "सगळं लिहूनच ठेवलंय."

"नळ किती लांब?"

"एकशे चाळीस पावलं. काल दोनदा मोजली."

"मागच्या फॉर्मवर नळ घरातच आहे."

"घरात?" तो खजील झाला. "असं कसं बोललो असेन? चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, बोटभर चूक नाही. आता डोकंच उसवायला लागलं म्हणायचं."

"घरात माणसं किती?"

"एक."

"फॉर्मवर तीन आहेत."

शिंपी कपात चहा गाळू लागला. "बायकोला जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी सातासमुद्रापार. जिभेची जुनी खोड, तीन म्हणाली असेल." मग हसून म्हणाला, "आज मात्र एक. पक्कं लिहा. आणि तुमची साखर दीड चमचा, ते काही विसरलो नाही."

ती सावकाश चहा प्यायली.

"बाही उसवलीय तुमची. हात करा पुढे." त्यानं सुईत दोरा ओवला, तोही पहिल्या झटक्यात. "घरी कुणी सांगत नाही वाटतं?"

"खोलीवर एकटीच असते."

त्यानं चार टाके घातले आणि दोरा दातानं तोडला. कागद तिच्या हातात देत दारापर्यंत आला.

"आता जुळलं ना? म्हणजे पुन्हा यायचं कारण नाही."

"जुळलं तर नाही."

"जुळेल, जुळेल," तो म्हणाला. आवाज मात्र पडला होता.

कचेरीच्या जिन्यात ती थांबली. शिंप्याच्या कागदाची घडी घालून ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. फॉर्म गुडघ्यावर धरला, खोडरबर काढलं, आणि 'घरातली माणसं' यापुढचा 'एक' मागच्या खेपेसारखाच स्वच्छ पुसून तिथे लिहिलं, दोन.