नाल्कुच्या पुढचा आकडा

कावेरीच्या पाण्यावरून बंगळूर पेटलं, बसगाड्या थांबल्या. गुंडूराव आपल्या तमिळ दोस्ताला, मुरुगेशनला, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून चिकपेटेत स्वतःच्या घरी पायीच घेऊन निघाले. जागोजागी जमाव तमिळ लोक हुडकायला माणसं अडवून कन्नडात आकडे मोजायला लावत होता.

"पाचाला तुमचं तमिळ 'अंजु' तोंडातून निघालं, तर मेलास. 'ऐदु' म्हणायचं. म्हण माझ्यामागं, नाल्कु, ऐदु." सकाळपासून गुंडूरावांनी शंभरदा घोकून घेतलं.

उन्हं कलता कलता लालबागेपाशी काठ्या आडव्या आल्या. मुरुगेशननं दहापर्यंत बिनचूक मोजलं.

"आता तू." एकानं गुंडूरावांच्या छातीला काठी टेकवली.

त्यांच्या कैक पिढ्या ह्याच शहरात कन्नड बोलत आलेल्या. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." चौदा वर्षं मुरुगेशनबरोबर तमिळमध्ये नटबोल्ट मोजायची सवय जिभेला. ती घसरलीच. "अंजु."

काठ्या वर झाल्या.

"भ्यालाय हो माझा अण्णा!" मुरुगेशन हसत हसत कन्नडात ओरडला. "अंजु, अंजु करतोय बघा कसा!"

कन्नडात 'अंजु' म्हणजे भिणं. आठवलं ते मुरुगेशनलाच. जमाव खो खो हसला आणि बाजूला झाला.

पुढच्या वळणावर मुरुगेशननं गुंडूरावांचा हात घट्ट धरला.

"अण्णा, म्हणा माझ्यामागं," तो हळूच म्हणाला, "नाल्कु, ऐदु."