शून्यावरचा काटा

काटा शून्यावर होता, आणि तो पाहूनच मारोतरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या कुणाला शून्य पाहून हायसं वाटलं असतं. पण मारोतराव पडले खापरखेड्याच्या वीजघरातले बॉयलर फिटर. आत सहा दिवस बीअर फसफसते आहे, झाकण गच्च आवळलेलं आहे, आणि तरी प्रेशरचा काटा हलत नाही, म्हणजे काटाच अडकलाय. आत किती दाब साठलाय ते आता देवालाच ठाऊक! आणि ती बीअरची कॅन कुठे, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पेटत्या स्टोव्हपासून दोन हातांवर. तिला टेकून त्यांची सव्वा वर्षाची लेक मंदा बसली होती. पळीने कॅन बडवत होती.

हे सगळं त्यांच्याच हातचं. वीजघराच्या लॅबमधल्या श्रीधरने बीअरची कृती सांगितली होती: मोड आणून वाळवलेले जव, साखर, बेकरीतलं खमीर. "अन् हवा लागू देऊ नको गा," असंही त्याने बजावलं होतं. बॉयलरवाल्याने ते बॉयलरवाल्यासारखंच ऐकलं. जुन्या बाजारातून दुधाची ॲल्युमिनियमची कॅन आणली. झाकणाला हाताने फिरवायचे सहा नट बसवले, भंगारातला प्रेशरचा काटा लावला. मग गांधीबागेच्या बाजारातून कुकरचं नवं कोरं रबर आणून झाकणात असं बसवलं, की मुंगी शिरायची नाही.

गोपिका मागे उभी राहून पाहत होती. तिच्या स्वतःच्या कुकरचं रबर ढिलं पडून दोन महिने झाले होते, तेव्हापासून त्याची शिट्टीच होत नव्हती. पण नवऱ्याशी बोलायची सोयच नव्हती. त्यातून गळती म्हटली की मारोतरावांचं डोकंच फिरायचं. घरचा नळ ठिबकला तरी ते बायकोवर असे ओरडायचे, की शेजारचे दार लावून घ्यायचे.

आज कामावर बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. त्यात नवल काहीच नव्हतं, वाफ जास्त झाली की तो उडायचाच. पण त्या आवाजाने मारोतराव जागच्या जागी गार पडले. अरे देवा, आपण सगळं बसवलं, तेवढं एकच बसवलं नाही! ड्यूटी अर्धी टाकून, सायकल हाणत ते क्वार्टरवर आले होते.

"गोपिका, पोरीले उचल अन् बाहेर जा."

"काहून जी? डाळ शिजून राहिली ना."

"जा म्हणतो ना वं!" ते ओरडायला गेले, पण आवाजच फुटेना. नट सैल करावा तर झाकण उडणार, न करावा तर कॅनच फुटणार. फुटलेल्या पत्र्याने माणसाचं काय होतं ते त्यांनी कामावर एकदा पाहिलं होतं. त्यांनी हळूच मंदाकडे हात पुढे केला.

तेवढ्यात कानठळ्या बसवणारा आवाज सुटला.

मारोतरावांनी पोरीवर झेप घेतली. तिला पोटाशी धरलं, कॅनकडे पाठ केली आणि डोळे मिटले. "आई वं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

काहीच झालं नाही. डाळीचा वास आला. पोटाशी धरलेली मंदा खुदखुदायला लागली. त्यांनी डोळे उघडले. स्टोव्हवर कुकर होता आणि त्याची शिट्टी अजून हलत होती.

"तुझ्या कुकरची शिट्टी... झाली?"

गोपिकाचा चेहरा पांढरा पडला. ती सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली.

"तुमच्या डब्ब्याचं नवं रबर मी काढून घेतलं जी, पहिल्याच दिवशी. माझं जुनं तिथं बसवलं. तुम्ही ड्यूटीवर गेल्यावरच कुकर लावत होती. तवापासून तुमचा डब्बा फुसफुस करून राहिला. लय आवळलं, बंदच होत नाही." तिने हात जोडले. "गळते म्हणून रागावू नका जी. पोरीसमोर तरी नका ओरडू."