फुंकर

भर कार्यक्रमात शार्दूलच्या डाव्या हाताची बोटं गिटारवर लुळी पडली. नेमका त्याचाच सोलो आला होता. त्यानं उजव्या हातानं खिशातला माउथ ऑर्गन काढला आणि डोळे मिटून ब्लूजची संथ, कातर धून वाजवली. रॉकवर नाचणारं मैदान आधी गप्प झालं, मग शिट्ट्यांनी दणाणलं.

तो विंगेत आला तशी त्याची बायको रेवती आनंदानं म्हणाली, "हे कधी बसवलंस रे?"

"गळ्यातली गिटार काढ गं. हात उचलवत नाहीये."

ती पांढरीफटक पडली. आजाराचं निदान झालं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी हात जातील, मग श्वास.

बाहेर 'वन्स मोअर'चा गजर चालला होता. रेवतीनं गिटार उतरवून घेतली. "नको जाऊस आता," ती म्हणाली.

"अजून फुंकता येतंय," म्हणत तो स्टेजकडे वळला.